करपूर्व आरोग्य खाते आणि चष्म्याचा खर्च : परक्या संकल्पनेचे मराठी स्पष्टीकरण

उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपणांस –
• ‘करपूर्व’ या शब्दाचा नेमका अर्थ सांगता येईल.
• अमेरिकेतील दोन प्रकारच्या आरोग्य खात्यांमधील भेद स्पष्ट करता येईल.
• दृष्टिविषयक कोणता खर्च या खात्यांतून करता येतो व कोणता येत नाही, हे सांगता येईल.
• ओळखीचा शब्द परक्या व्यवस्थेला लावताना अर्थाची गफलत कशी होते, हे ओळखता येईल.

१. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, परक्या व्यवस्थेविषयी मराठीत लिहिताना शब्द सापडत नाही, ही अडचण आपल्या परिचयाची आहे. त्याहून अवघड अडचण अशी, की काही वेळा शब्द फार लवकर सापडतो. ‘अकाउंट’ म्हटले की ‘खाते’ आणि ‘सेव्हिंग’ म्हटले की ‘बचत’ हे शब्द हाताशी तयारच असतात. मात्र खात्यातील पैसा खातेदाराचा असतो व तो कधीही काढता येतो, ही समजूतही त्या शब्दांबरोबर वाचकाच्या मनात शिरते. मूळ व्यवस्थेत तसे नसेल, तर शब्द बरोबर असूनही स्पष्टीकरण चुकते.

या घटकासाठी आपण अमेरिकेतील करपूर्व आरोग्य खात्यांचे उदाहरण घेतले आहे. नोकरीनिमित्त तेथे गेलेल्या मराठी भाषकांना वर्षातून एकदा, ठरावीक मुदतीत, अशा खात्यांचे अर्ज भरावे लागतात. अर्ज इंग्रजीत असला, तरी त्यावरची चर्चा अनेक घरांत मराठीतूनच होते. येथे एका शब्दाचा गैरसमज झाला, तर त्याची किंमत डॉलरमध्ये मोजावी लागते.

२. चष्म्यासाठी वेगळी तरतूद का लागते?

अमेरिकेत नोकरदारांचा आरोग्यविमा बहुधा नोकरीशी जोडलेला असतो. मोतीबिंदू, काचबिंदू यांसारख्या डोळ्यांच्या आजारांचे उपचार सामान्यतः या विम्यात येतात. मात्र प्रौढ व्यक्तीच्या चष्म्याचा नंबर तपासणे, चष्मा, कॉन्टॅक्ट लेन्स हा नेहमीचा खर्च बहुतेक विम्यांच्या बाहेर राहतो. त्यासाठी दृष्टिसेवेचा स्वतंत्र विमा असतो व त्यालाही मर्यादा असतात. ६५ वर्षांवरील नागरिकांसाठी असलेली मूळ मेडिकेअर योजनासुद्धा मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरचा चष्मा वगळता नेहमीच्या चष्म्याचा खर्च देत नाही. परिणामी हा खर्च खिशातून करावा लागतो, आणि येथेच करपूर्व खात्याचा उपयोग होतो.

३. ‘करपूर्व’ म्हणजे काय?

पगारातून आधी कर कापला जातो व उरलेली रक्कम आपण खर्च करतो, हा नेहमीचा क्रम होय. करपूर्व खात्यात हा क्रम उलटतो. खर्चासाठीची रक्कम आधी बाजूला काढली जाते व उरलेल्या पगारावर कर आकारला जातो.

एक उदाहरण पाहू. समजा, एखाद्या नोकरदाराच्या उत्पन्नाच्या वरच्या टप्प्यावर २२ टक्के केंद्रीय आयकर लागतो. त्याशिवाय सामाजिक सुरक्षेसाठी ६.२ टक्के व मेडिकेअरसाठी १.४५ टक्के कपात होते. एकूण दर २९.६५ टक्के झाला. त्याने ६०० डॉलर करपूर्व बाजूला ठेवले, तर कराचे १७७.९० डॉलर वाचतात. म्हणजेच ६०० डॉलरच्या चष्म्यापोटी हाती येणारा पगार ४२२.१० डॉलरनेच कमी होतो. हाच चष्मा कर भरून उरलेल्या पैशांतून घ्यायचा, तर त्याला सुमारे ८५३ डॉलर कमवावे लागतील.

येथे एक सूक्ष्म भेद लक्षात घ्या. ‘करपूर्व’ हा शब्द पैसा केव्हा वळवला हे सांगतो. तो पैसा कशावरही खर्च करता येईल, असे सांगत नाही. ‘करमुक्त पैसा’ असे सैल भाषांतर केल्यास ही अट वाचकाच्या नजरेतून निसटते.

४. नावे सारखी, स्वभाव भिन्न

४.१ फ्लेक्सिबल स्पेंडिंग अकाउंट (एफएसए)

हे खाते नियोक्ता उपलब्ध करून देतो. १९७८ च्या महसूल कायद्याने नोकरदाराला रोख पगार व इतर लाभ यांत निवड करण्याची सोय दिली. त्या सोयीवर हे खाते उभे आहे. वर्षभरात किती रक्कम ठेवायची हे आधीच ठरवावे लागते. लग्न, अपत्यजन्म यांसारखे मान्य कारण नसेल, तर वर्षाच्या मध्ये ती बदलता येत नाही. २०२५ साठी कमाल मर्यादा ३,३०० डॉलर होती.

या खात्याची एक बाजू खातेदाराला अनुकूल आहे. ठरवलेली पूर्ण रक्कम वर्षाच्या पहिल्या दिवसापासून वापरता येते, जरी ती पगारातून हप्त्याहप्त्याने कापली जात असली तरी. दुसरी बाजू कठोर आहे. मुदतीत न वापरलेली रक्कम खातेदाराची राहत नाही. नियोक्त्याची इच्छा असल्यास दोनपैकी एक सवलत तो देऊ शकतो : अडीच महिन्यांची वाढीव मुदत, किंवा ठरावीक रक्कम पुढील वर्षात नेण्याची मुभा. २०२५ मधून पुढे नेता येणाऱ्या रकमेची मर्यादा ६६० डॉलर होती. यांपैकी कोणतीही सवलत देणे नियोक्त्यावर बंधनकारक नाही.

मघाचेच उदाहरण पुढे नेऊ. त्या नोकरदाराने ६०० डॉलर ठेवले, पण तपासणी व चष्मा मिळून ४०० डॉलरच खर्च झाले व कोणतीही सवलत नसल्याने २०० डॉलर बुडाले. त्याचा पगार ४२२.१० डॉलरने कमी झाला होता आणि हाती ४०० डॉलरची सेवा आली. खाते नसते तर तो २२.१० डॉलरने अधिक सुखी असता! म्हणून या खात्यात किती ठेवता येते यापेक्षा किती खर्च नक्की होणार आहे, हा प्रश्न आधी विचारायचा असतो. नेमका येथेच चष्मा उपयोगी पडतो. आजारपणाचा अंदाज करता येत नाही. पण दर वर्षी होणारी तपासणी, लेन्सचा साठा, मुलांचे बदलते नंबर यांचा अंदाज बऱ्यापैकी बांधता येतो.

४.२ हेल्थ सेव्हिंग्ज अकाउंट (एचएसए)

२००३ मध्ये कायदा होऊन २००४ पासून हे खाते अस्तित्वात आले. ते खऱ्या अर्थाने खातेदाराचे असते. शिल्लक वर्षानुवर्षे टिकते, नोकरी बदलली तरी सोबत येते, ती गुंतवताही येते. मात्र त्यासाठी विशिष्ट प्रकारचा आरोग्यविमा घ्यावा लागतो. या विम्यात सुरुवातीचा मोठा खर्च रुग्णाने स्वतः सोसायचा असतो; २०२५ साठी ही रक्कम एकट्या व्यक्तीला किमान १,६५० डॉलर व कुटुंबाला किमान ३,३०० डॉलर होती. त्या वर्षी खात्यात भरण्याची मर्यादा अनुक्रमे ४,३०० व ८,५५० डॉलर होती. वैद्यकीय कारणाव्यतिरिक्त पैसे काढल्यास त्यांवर आयकर लागतो आणि वय ६५ पेक्षा कमी असल्यास २० टक्के जादा करही बसतो.

एचएसए असताना सर्वसाधारण एफएसए घेता येत नाही. पण केवळ डोळे व दात यांच्या खर्चापुरते मर्यादित एफएसए घेता येते. चष्म्याचा खर्च त्यातून भागवून एचएसएमधील शिल्लक तशीच वाढू द्यावी, असा मार्ग काही जण निवडतात.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १
‘नोकरी सोडली तरी खात्यातील पैसा माझाच’ हे विधान कोणत्या खात्याविषयी खरे आहे?

५. कोणता खर्च चालतो?

डोळ्यांची तपासणी, नंबरचा चष्मा (काच व फ्रेम दोन्ही), वाचनाचा चष्मा, दृष्टिदोषासाठीच्या कॉन्टॅक्ट लेन्स व त्यांचे स्वच्छतेचे द्रावण, दृष्टी सुधारणारी लेसिक शस्त्रक्रिया हे खर्च चालतात. दृष्टिहीन व्यक्तीच्या मार्गदर्शक श्वानाचा खर्चही पात्र ठरतो. साधा गॉगल किंवा केवळ डोळ्यांचा रंग बदलण्यासाठी घातलेली लेन्स चालत नाही. दृष्टिविम्याचा हप्ता एफएसएमधून भरता येत नाही. जो भाग विम्याने दिला, तोच पुन्हा खात्यातून घेता येत नाही.

येथे मराठीचा एक शब्दप्रयोग फार उपयोगी पडतो. इंग्रजी नियमात ‘प्रिस्क्रिप्शन’ या शब्दावर सारे अवलंबून आहे. त्याचे कोशातील भाषांतर करून ‘औषधपत्रानुसारी उपनेत्र’ असे लिहिले, तर कोणालाच बोध होणार नाही. आपण सहज म्हणतो : ‘नंबरचा चष्मा’. नंबरचा गॉगल चालतो, बिननंबरी गॉगल चालत नाही. एवढ्या वाक्याने नियम समजतो.

पावतीकडेही लक्ष द्यावे लागते. सेवेची तारीख, सेवेचे वा वस्तूचे स्वरूप, देणाऱ्याचे नाव व रक्कम पावतीवर असावी लागते. कार्ड घासल्यावर मिळणारी चिठ्ठी सहसा पुरत नाही. पैसे कधी भरले यापेक्षा सेवा कधी मिळाली, ही तारीख महत्त्वाची असते. शिवाय तपासणीनंतर नंबरचा कागद जादा शुल्क न घेता रुग्णाच्या हाती देणे तेथील नियमाने बंधनकारक आहे. त्यामुळे चष्मा अन्य दुकानातून स्वस्तात घेता येतो.

६. ‘अवलंबित’ कोण?

खातेदार स्वतः, त्याचा वा तिचा जोडीदार व कायद्याने अवलंबित ठरणाऱ्या व्यक्ती यांचा खर्च या खात्यांतून करता येतो. यांतील ‘अवलंबित’ हा शब्द मराठी वाचकाला सर्वांत जास्त फसवतो. गावी राहणाऱ्या आईवडिलांचे घर मुलीने पाठवलेल्या पैशांवर चालत असेल, तर ते तिच्यावर अवलंबून आहेत, असे आपली भाषा सांगते, आणि ते खरेच आहे. परंतु अमेरिकी करकायद्यात अवलंबित व्यक्ती तेथील नागरिक किंवा रहिवासी, अथवा कॅनडा वा मेक्सिकोची रहिवासी असावी लागते. भारतात वास्तव्य असलेले भारतीय आईवडील या व्याख्येत बसत नाहीत.

समजा, मुलीला भेटायला आलेल्या वडिलांचा चष्मा प्रवासात फुटला आणि तिने नवा चष्मा आपल्या एफएसए कार्डावर घेतला. दुकानात कार्ड चालेलही. चष्मा खरा आहे, नंबर खरा आहे, गरजही खरी आहे. तरीही तो खर्च अपात्र असून ती रक्कम परत करावी लागते. तिने काही लबाडी केलेली नसते. तिने एक शब्द मराठीत वाचलेला असतो. स्पष्टीकरण लिहिणाऱ्याने ‘अवलंबित (कायद्यातील अर्थाने)’ असे लिहून पुढे एका वाक्यात व्याख्या दिली असती, तर ही वेळ आली नसती.

७. भाषिक निष्कर्ष

वरील विवेचनातून तीन सूत्रे हाती लागतात. पहिले सूत्र : नावाचे भाषांतर करण्यापूर्वी व्यवहाराचे वर्णन करावे. ‘लवचिक खर्च खाते’ असे लिहिले, तर मुदतच लवचिक आहे असा समज होईल. ‘मुदतीत न वापरल्यास बुडणारी करपूर्व रक्कम’ हे वर्णन लांबट असले तरी खरे आहे. दुसरे सूत्र : एका मराठी शब्दावर दोन अर्थांचा भार टाकू नये. करातून वगळली जाणारी रक्कम आणि विम्यात रुग्णाने आधी सोसायची रक्कम, दोन्हींना ‘वजावट’ म्हटले, तर परिच्छेद वाचनीय राहील. समजणार मात्र नाही. तिसरे सूत्र : बोलीतील रुळलेला शब्द नेमका असेल, तर घडवलेल्या संज्ञेपेक्षा तोच निवडावा.

सारांश

करपूर्व खात्यामुळे पात्र खर्चावरील कर वाचतो. एफएसए मुदतीला बांधलेले असते, तर एचएसए खातेदाराच्या मालकीचे असते. दृष्टिसेवेचा खर्च बराचसा पूर्वअंदाजित असल्याने या खात्यांना सोयीचा ठरतो. मात्र खर्चाचे स्वरूप, तारीख व व्यक्ती या तिन्ही कसोट्यांवर तो उतरावा लागतो.

स्वयं-अध्ययन प्रश्नाचे उत्तर
१. एचएसए.

सरावासाठी स्वाध्याय
१. अमेरिकेत नव्याने नोकरीस लागलेल्या नातेवाइकास एफएसएविषयी १५० शब्दांत पत्र लिहा. ‘बचत’ हा शब्द वापरू नका.
२. ‘अवलंबित’ या शब्दाचा व्यवहारातील व कायद्यातील अर्थ सोदाहरण स्पष्ट करा.
३. आपल्या परिसरातील एखाद्या बँकेचा वा विम्याचा अर्ज घ्या. त्यातील फसवे ठरू शकणारे तीन शब्द निवडून त्यांचे एकेका वाक्यात स्पष्टीकरण द्या.