गवती चहा

मॉर्मन हा शब्द मराठी कानाला तसा परका. इंग्रजी सिनेमात तो ऐकू येतो. २०१२ साली अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी मिट रॉम्नी बराक ओबामांच्या विरोधात उभे राहिले, तेव्हा 'हे गृहस्थ मॉर्मन आहेत' असं आपल्याही वर्तमानपत्रांत छापून येत होतं. म्हणजे नेमके कोण, हे त्या वेळी फारसं कुणी विचारलं नाही. मलाही विचारायची गरज पडली नव्हती. पण अलीकडे आमच्या शेजारच्या एका घरातला तरुण मुलगा मॉर्मन झाला, आणि त्याच्या आईनं हा प्रश्न थेट माझ्यापुढे आणून ठेवला.

मी राहतो चेण्याला, घोडबंदर रस्त्यावर. एका अंगाला राष्ट्रीय उद्यानाचं रान, दुसऱ्या अंगाला खाडी. खाडीपलीकडे वसई. हा सगळा टापू धर्म बदललेल्या माणसांच्या परिचयाचा आहे. १५३४ साली वसई पोर्तुगीजांच्या हाती गेली आणि त्यानंतरच्या काळात वसई, उत्तन, भाईंदरच्या गावागावांत चर्च उभी राहिली. तिथले कोळी, आगरी, कुपारी ख्रिस्ती झाले. देव बदलला, पण जाळं तेच, वाडी तीच आणि लग्नातली गाणीही इथल्याच बोलीतली राहिली. याच मातीतले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. माझं स्वतःचं म्हणाल, तर नमाज अरबीत आणि कविता मराठीत, असा माझा दिनक्रम आहे. त्यामुळे एकाच घरात दोन गोष्टी नांदू शकतात, यावर माझा विश्वास जुना आहे.

आता मॉर्मन म्हणजे कोण ते पाहू. जोसेफ स्मिथ नावाच्या चोवीस वर्षांच्या तरुणानं ६ एप्रिल १८३० रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या फेएट या गावी एक चर्च स्थापन केलं. त्याच वर्षी 'बुक ऑफ मॉर्मन' हा ग्रंथ छापून निघाला. सोन्याच्या पत्र्यांवर कोरलेला जुना मजकूर आपल्याला मिळाला आणि ईश्वरी कृपेनं आपण त्याचा अनुवाद केला, असं स्मिथचं सांगणं होतं. बायबलच्या जोडीला हाही धर्मग्रंथ, म्हणून लोक त्यांना मॉर्मन म्हणू लागले. त्यांचं खरं नाव लांबलचक आहे : चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स. हेच पूर्ण नाव वापरा, मॉर्मन म्हणू नका, असा आग्रह त्यांच्या प्रमुखांनी २०१८ पासून धरला आहे. मी इथे सोयीसाठी जुनाच शब्द वापरतो.

इतर ख्रिस्ती पंथांनी त्यांना कधी पुरतं आपलं मानलं नाही. त्रिएक देवाची पारंपरिक कल्पना त्यांना मान्य नाही आणि बायबलनंतरही ईश्वरी वचन येत राहतं, अशी त्यांची श्रद्धा. शिवाय सुरुवातीच्या काळात त्यांच्यात बहुपत्नीत्व होतं. १८९० साली त्यांच्या नेतृत्वानं ते थांबवल्याचं जाहीर केलं. १८४४ साली जमावानं तुरुंगात शिरून स्मिथला ठार मारलं. मग ब्रिगहॅम यंग यांच्यामागे हे लोक हजाराहून अधिक मैल चालत गेले आणि १८४७ मध्ये आजच्या युटा राज्यातल्या सॉल्ट लेकच्या खोऱ्यात त्यांनी वस्ती केली. आज जगभरात त्यांची संख्या पावणेदोन कोटींच्या घरात आहे. भारतात मात्र ते काही हजारच.

गंमत अशी, की हे लोक महाराष्ट्रात आत्ता आले असं नाही. ह्यू फिंडले नावाचा त्यांचा एक स्कॉटिश प्रचारक १८५२ साली मुंबईत उतरला आणि पुढे पुण्यालाही गेला. पाद्री विरोधात, छावणीतले अधिकारीही विरोधात. मूठभर माणसं मिळाली आणि ते दशक संपायच्या आत त्यांनी इथला गाशा गुंडाळला. मधे शंभराहून अधिक वर्षं गेली. १९९३ साली बंगळुरूला त्यांचं मिशन सुरू झालं, २०१२ मध्ये हैदराबादला अनेक मंडळ्यांना जोडणारं देशातलं पहिलं मोठं केंद्र स्थापन झालं आणि २०१८ मध्ये भारतातलं पहिलं मंदिर बंगळुरूला बांधण्याची घोषणा झाली. आमच्या शेजारचा मुलगाही नोकरीसाठी बंगळुरूला गेला होता. तिथेच त्यानं पाण्यात पूर्ण बुडून बाप्तिस्मा घेतला.

या श्रद्धेची ओळख ग्रंथापेक्षा दिनक्रमातून लवकर पटते. दारू नाही, तंबाखू नाही, कॉफी नाही आणि चहाही नाही. १८३३ सालच्या एका आदेशात हे सांगितलं आहे, आणि त्याचा आजचा अर्थ असाच लावला जातो. महिन्याच्या एका रविवारी, बहुधा पहिल्या, दोन वेळचं जेवण सोडायचं. तोही उपास निर्जळी. वाचलेले पैसे गरिबांसाठी द्यायचे. हे ऐकून मला आमचा रोजा आणि फितरा आठवला. उत्पन्नाचा दहावा हिस्सा चर्चला. आमची जकात शिलकीवर अडीच टक्के, त्यांचा दशांश कमाईवर. रविवारी प्रार्थनेत पाव वाटतात आणि द्राक्षारसाऐवजी साधं पाणी. स्थानिक मंडळीत पगारी धर्मगुरू नसतो. आठवडाभर ऑफिसात हिशेब लिहिणारा माणूसच रविवारी मंडळीचा कारभार पाहतो. शक्यतो रविवारी खरेदी नाही, धंदा नाही. लग्नाआधी शरीरसंबंध नाही. आठवड्यातली एक संध्याकाळ, बहुतेक सोमवारची, घरच्यांसाठी राखून ठेवायची.

अठरा वर्षांनंतर मुलांनी दोन वर्षं आणि मुलींनी दीड वर्ष प्रचारकार्याला द्यावं, अशी त्यांची पद्धत आहे. पगार नाही. खर्च बहुतेक स्वतःचा किंवा घरच्यांचा. पांढरा सदरा, टाय, छातीवर नावाची पट्टी आणि जोडीनं फिरणं, ही त्यांची जगभरची ओळख.

आणखी एक गोष्ट आपल्या लोकांना जवळची वाटेल. पूर्वजांसाठी ते वंशावळी शोधतात आणि मंदिरात त्यांच्या नावानं जिवंत माणूस बाप्तिस्मा घेतो. तो स्वीकारायचा की नाही, हे त्या मृतात्म्यानं ठरवायचं, असं ते मानतात. पितरांचं ऋण फेडायची आस सगळीकडे सारखीच असावी.

कागदावर हे सगळं सोपं दिसतं. कठीण आहे ते आपल्या घरात पाळणं. त्या मुलाची आई एके दिवशी माझ्याकडे आली. म्हणाली, "भाई, पोरगा चहा पीत नाही. मावशीकडे गेलो, कप तसाच ठेवून उठला. तिला वाटलं, आमचं काही चुकलं." आपल्याकडे चहा हे पेय कमी आणि बोलावणं जास्त. कपाला नकार दिला की माणसाला नकार दिल्यासारखं होतं. अमेरिकेत बसून नियम करणाऱ्याला याचा अंदाज असणं शक्य नव्हतं. मग रविवार. आपल्याकडे साखरपुडा रविवारी, बारसं रविवारी, मासळी आणायची ती रविवारी. मुलगा नेमका त्या दिवशी सकाळीच प्रार्थनेला बसलेला.

मी म्हटलं, "वहिनी, तो दारू पीत नाही, तंबाखू खात नाही, पगारातले पैसे घरी देतो. तुम्हांला खरं कशाचं भय वाटतं?" त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "उद्या माझ्या मयताला तो खांदा देईल ना?"

मी मुलाशी बोललो. म्हणाला, "चाचा, आईला मी सोडणार आहे का? खांदा देईनच." अग्नी देशील का, विधी करशील का, असं विचारल्यावर मात्र तो खाली बघत राहिला. त्याच्याकडे उत्तर नव्हतं, आणि खोटं बोलायची त्याची तयारी नव्हती. मला ते शांत राहणं प्रामाणिक वाटलं. त्या वर्षी गणपतीत तो आरतीला उभा राहिला नाही. पण मखर त्यानंच बांधलं, आल्यागेल्याला पाणी दिलं आणि रात्री भांडी घासली. वडील बोलले नाहीत, पण त्यांनी ते पाहिलं. चहाचा प्रश्न आईनंच सोडवला. मनाई आहे ती चहाच्या पत्तीला. गवती चहा हे नुसतं गवत. परसातली चार पाती, आलं आणि गूळ घालून त्या त्याच्यासाठी वेगळं उकळू लागल्या. आता पाहुण्यांत तोही कप हातात धरून बसतो. नाव चहाचं, नियम मोडत नाही, आणि मावशीचाही मान राहतो.

ही गवती चहाची वाट मराठी माणसाला नवी नाही. आपल्याकडे धर्मांतराची भांडणं पुष्कळदा ताटावरच झाली. १८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले, तेव्हा त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत जेमतेम बारा वर्षांचा असेल. तोही मिशनऱ्यांकडे राहत होता. कोर्टानं त्याला वडिलांकडे परत पाठवलं. मुलाचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. पण तो ख्रिस्त्यांत राहिला, जेवला, एवढं जातीला पुरेसं होतं. त्याला प्रायश्चित्त देऊन परत घ्यावं, म्हणून बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले आणि स्वजातीचा रोष त्यांनी सोसला. फिंडले मुंबई-पुण्यात होता त्याच सुमारास, १८५४ मध्ये, बाबा पदमनजी यांनी बेळगावला बाप्तिस्मा घेतला. वय तेवीस. त्याआधी त्यांचा परमहंस मंडळीशी संबंध आला होता. ही मंडळी जातिभेद मोडण्यासाठी एकत्र जमून परजातीच्या हातचा पाव खात, पण गुपचूप. बाबांनी उघडपणे धर्म बदलला, पण लिहीत राहिले मराठीत. तीनच वर्षांनी, १८५७ मध्ये, त्यांची 'यमुनापर्यटन' ही कादंबरी आली. विषय हिंदू विधवांच्या दुःखाचा. घर सुटलं तरी घराचं दुःख सुटलं नव्हतं.

पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला. पण अंडं घातलेलं पुडिंग खायला त्या तयार झाल्या नाहीत. क्रूसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नकोत, असंही त्यांनी विचारलं. ख्रिस्त स्वीकारला म्हणजे इंग्रजांचं स्वयंपाकघरही स्वीकारलं असं नव्हे, हे त्यांनी ठणकावून सांगितलं. रेव्हरंड टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई मात्र पुढेही आपलं सोवळं सांभाळून होत्या. काही काळ दोघं दूर राहिली, नंतर एकत्र आली, तरी चूल आणि पाणी वेगळं. लक्ष्मीबाईंना जात पटेनाशी झाली ती त्यांच्या स्वतःच्या विचारानं, आणि १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. टिळकांनी वाट पाहिली. 'स्मृतिचित्रे' वाचताना मला हे वाट पाहणं सगळ्यांत मोठं वाटतं.

आणि १४ ऑक्टोबर १९५६ चा नागपूरचा दिवस महाराष्ट्र कसा विसरेल? बाबासाहेबांनी लाखो लोकांना बुद्धाच्या मार्गावर आणलं. त्या बावीस प्रतिज्ञांत तत्त्वज्ञान आहे, तशाच चोरी करणार नाही, खोटं बोलणार नाही, दारू पिणार नाही या रोजच्या गोष्टीही आहेत. घराघरांतून देव्हारे हलले, सण बदलले. तिथे धर्म बदलणं म्हणजे माणूस म्हणून ताठ उभं राहणं होतं. एकेकट्या तरुणाचं पाऊल आणि एका समाजाचं पाऊल यांची मापं वेगळी. पण दीक्षेनंतरची सकाळ दोघांनाही नव्यानंच जगावी लागते.

कायद्याचंही थोडं सांगितलं पाहिजे. घटनेच्या पंचविसाव्या कलमानं प्रत्येकाला सदसद्विवेकाचं स्वातंत्र्य दिलं आहे, धर्म पाळण्याचं आणि त्याचा प्रचार करण्याचंही. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, की प्रचाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे. निर्णय ज्याचा त्यानं घ्यायचा, हेच यातलं सूत्र. अज्ञान मुलाला बाप्तिस्मा देण्याआधी मॉर्मनही आईवडिलांची संमती मागतात.

पण कायदा उंबऱ्यापर्यंत येतो. आतलं काम घरच्यांचं. मुलगा जुगारात पैसे घालवतो तेव्हा आपण त्याला घरात घेतो, समजावतो. तोच मुलगा वेगळ्या नावानं देवाला हाक मारू लागला, की दार लावून घेतो. दार लावल्यानं त्याची श्रद्धा कमी होत नाही. तो फक्त घराला मुकतो आणि घर त्याला. ज्यानं नवा धर्म घेतला त्याच्याकडेही माझं मागणं आहे. तुझ्या आईनं तुला जो देव दाखवला, त्याला हसू नकोस. देवाशी बोलायला तू जे शब्द वापरतोस, ते तिनंच शिकवलेले आहेत.

अग्नीचा प्रश्न त्या घरात अजून सुटलेला नाही, आणि तो मी सोडवायचा नाही. त्यांच्या हाती अजून बरीच वर्षं आहेत आणि दोघंही एकमेकांशी बोलतात. सोबत जेवतात. टिळकांच्या घरालाही पाच वर्षं लागली होती.