कात्री कुणाकडे आहे?

"अरबी डिंक, गव्हाचं पीठ, हिंग." हिंगाच्या डबीमागचा बारीक मजकूर एका मुलीनं खणखणीत आवाजात वाचला. लगेच मागच्या रांगेतून शंका आली, "म्हणजे हिंगात हिंग सगळ्यात शेवटी?"

निफाड तालुक्यातली जिल्हा परिषदेची शाळा. पाचवीचा परिसर अभ्यासाचा तास. घरातून एकेक रिकामी डबी किंवा पिशवी आणा, एवढंच बाईंनी आदल्या दिवशी सांगितलं होतं. आयात-निर्यातीची व्याख्या फळ्यावर लिहायची, पोरांनी ती वहीत उतरवायची आणि परीक्षेत ओकायची, हा आपला जुना शिरस्ता. बाईंनी त्याला फाटा दिला होता. व्याख्या शेवटपर्यंत फळ्यावर आलीच नाही, आणि कुणाचं काही अडलं नाही.

डबीवर पत्ता भारतातला. पण कच्चा हिंग येतो अफगाणिस्तानातून, उझबेकिस्तानातून. अरबी डिंकाचं मोठं कोठार सुदान. घरातल्या सगळ्यात छोट्या डबीत एवढे देश निघाल्यावर वर्गाला चेव आला. एकानं तेलाची पिशवी पुढे केली. पामतेलाच्या त्या पिशवीवर तेल कुठे भरलं ते होतं, झाड कुठलं ते नव्हतं. बाईंनी पृथ्वीगोलावर इंडोनेशिया आणि मलेशिया दाखवले. २०२२च्या एप्रिलअखेर इंडोनेशियानं पामतेलाची निर्यात जेमतेम तीन-साडेतीन आठवडे थांबवली, तेव्हा आपल्याकडच्या किराणा दुकानांतही धास्ती पसरली होती.

बारकोडचा विषय निघणारच होता. "८९० नं सुरू झालं की भारतात बनलेलं," एका मुलानं ठासून सांगितलं. मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांनी मोठ्यांच्याही डोक्यात हे पक्कं बसवलं आहे. बाईंनी खोडून काढलं: तो क्रमांक कंपनीनं भारतात नोंदवून घेतलेला असतो, एवढंच. आतला माल कुठलाही असू शकतो.

मग व्यापाराच्या खेळाची पाकिटं वाटली. हा खेळ जगभरच्या शाळांतून खेळला जातो. एकेक गट म्हणजे एकेक देश. एका गटाच्या पाकिटात रंगीत कागदांची चळत, पण कात्री नाही, पट्टी नाही. दुसऱ्याकडे कात्री, पट्टी, कंपास आणि कागद मात्र एकच. उरलेल्यांकडे थोडं हे, थोडं ते. मापात कापलेले त्रिकोण, वर्तुळं, आयत बाईंच्या टेबलावर आणून विकायचे आणि खेळण्यातल्या नोटा न्यायच्या. कडा वेडीवाकडी असली की माल परत. कुरकूर झाली, पण थोडीच. या पोरांच्या घरी द्राक्षबागा आहेत. मणी मापाच्या रिंगेतून खाली पडला तर युरोपच्या पेटीत जात नाही, हे त्यांनी पॅकहाऊसमध्ये पाहिलेलं असतं.

खरी मजा कात्रीवरून आली. कागदवाल्यांनी आधी नुसती मागितली. कात्रीवाल्यांचा म्होरक्या म्हणाला, "न्या की, पण वाट्यानं. निम्मा माल आमचा."

"कागद आमचा, कापणार आम्ही, आणि निम्मा वाटा कात्रीला? तिसऱ्या वाट्यानं दे."

"मग बोटांनी फाडा."

वाट्यानं जमीन कसणं घरोघरी पाहिलेलं. शब्द कुणी शिकवावे लागले नाहीत. थोड्या वेळानं कागदवाल्यांनी हात टेकले आणि कोरे कागदच विकायला काढले, तेही मातीमोल भावानं. ज्याला जे तुलनेनं चांगलं जमतं त्यानं ते बनवावं आणि अदलाबदल करावी, म्हणजे दोघांचंही भलं, असं रिकार्डो या अर्थशास्त्रज्ञानं १८१७मध्ये इंग्लंडचं कापड आणि पोर्तुगालची दारू घेऊन मांडलं. हिशेब बिनचूक आहे. पण शाळेत आपण तेवढंच सांगून मोकळे होतो आणि कात्री आधीपासून कुणाकडे होती, हे विचारायचं राहून जातं. माझ्या मते लहान मुलांपुढे हा प्रश्न पहिल्यांदा ठेवायला हवा. तो त्यांना मोठ्यांपेक्षा लवकर कळतो, कारण अन्याय त्यांना चटकन दिसतो.

डाव रंगात आला असताना बाईंनी घंटी वाजवली. "आजपासून वर्तुळं देशाबाहेर जाणार नाहीत." वर्तुळांचा ढीग करून बसलेला गट ओरडला, "बाई, हे तर कांद्यावानी झालं!"

लासलगावचा कांदाबाजार इथून हाकेच्या अंतरावर. ऑगस्ट २०२३मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागलं, ८ डिसेंबरपासून निर्यातच बंद झाली, ती बंदी ४ मे २०२४ रोजी उठली. तारखा पोरांना माहीत नव्हत्या. त्या हिवाळ्यात घरात काय बोललं जायचं ते चांगलं आठवत होतं. बाईंनी एका मुलीला शहरातली गिऱ्हाईक केलं. "मला चाळीस-पन्नासनं कांदा परवडत नाही," ती म्हणाली, तशी तिच्यावर सगळा वर्ग तुटून पडला. मग एकानं विचारलं, "बांगलादेशच्या लोकांनी मग काय खाल्लं?" तिथल्या व्यापाऱ्यांनी पाकिस्तान, चीनकडे मोर्चा वळवला. गेलेलं गिऱ्हाईक परत येईलच असं नाही, हे एका शेतकऱ्याच्या पोरीनं बाईंच्या आधी सांगितलं.

पुढे पृथ्वीगोलावर सुतळी. न्हावाशेवाहून सुएझमार्गे रॉटरडॅम, एक सुतळी. आफ्रिकेला वळसा घालून, दुसरी. २०२३च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाल्यापासून द्राक्षांचे कित्येक कंटेनर या दुसऱ्या वाटेनं गेले. दोन्ही सुतळ्या शेजारी ताणल्यावर फरक लख्ख दिसला. दहा-पंधरा दिवस जास्त म्हणजे इंधन जास्त, भाडं जास्त आणि देठ सुकायची भीती. डॉलरचे रुपये करण्याचं गणित बाईंनी पुढच्या आठवड्यावर ढकललं, शहाणपणाचं केलं.

मधल्या सुट्टीनंतर दुसरा डाव मांडायचा हट्ट झाला. पाकिटं तीच. या वेळी कागदवाल्यांनी एकही कोरा कागद विकला नाही. थेट बाईंच्या टेबलाशी आले.

"कात्री केवढ्याला?"

बाईंनी भाव सांगितला. नोटा मोजल्या, निम्म्यासुद्धा भरेनात.

"उधारीवर द्या."

बाईंनी कात्री दिली, वही उघडली आणि गटाच्या नावापुढे मुद्दल आणि व्याज, दोन्ही लिहिलं.