रिव्हेटभोवतीचे पाणी

१९५७ मध्ये कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने ब्रिटनमध्ये ‘सेव्हन’ नावाची अत्यंत हलकी, उघडी स्पोर्ट्स कार आणली. पोलादी नळ्यांचा सांगाडा आणि त्यावर रिव्हेटने बसवलेले अ‍ॅल्युमिनियमचे पातळ पत्रे, हाच तिचा देह. १९७३ मध्ये तिचे हक्क केटरहॅम कंपनीकडे गेले. त्या धाटणीच्या गाड्या आजही तयार होतात आणि हौशी मंडळी त्या घरच्या गॅरेजमध्ये जोडतात, दुरुस्त करतात. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर मीठ पसरतात. ते खारे पाणी पत्र्याखाली शिरते, रिव्हेटच्या डोक्याभोवती रंगाला फोड येतात आणि फोड खरवडला की पांढरी भुकटी निघते. मग रिव्हेट बदलायची वेळ येते आणि ठरलेला प्रश्न पुढे येतो : नवे रिव्हेट कोणत्या धातूचे घ्यावेत? प्रश्न गैर नाही, पण तो दुसऱ्या क्रमांकाचा आहे. धातू कोणताही निवडा, पत्रा टिकेल की नाही हे पाणी कुठे पोचते यावर ठरते.

दोन वेगळे धातू एकमेकांना टेकलेले आणि दोघांवर मिळून खाऱ्या पाण्याचा एकच थर, एवढे जमले की विद्युतघट तयार होतो. अधिक क्रियाशील धातू झिजतो, त्याचे इलेक्ट्रॉन दुसऱ्या धातूकडे जातात आणि तिथे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन ते घेतो. शाळेतल्या तक्त्यात अ‍ॅल्युमिनियम लोखंडाच्या बरेच वर असते, अगदी जस्ताच्याही वर. प्रत्यक्षात काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा पापुद्रा त्याला सांभाळतो, त्यामुळे समुद्राच्या पाण्यात त्याची जागा जस्त आणि पोलाद यांच्या मध्ये लागते. साध्या पोलादापासून अंतर जेमतेम एक-दोन दशांश व्होल्ट, स्टेनलेस स्टीलपासून मात्र अर्ध्या व्होल्टच्या पुढे. मिठातले क्लोराइड या पापुद्र्यालाच भोके पाडते. पण व्होल्टेजइतकेच महत्त्व दोन्ही धातूंच्या उघड्या पृष्ठभागांच्या प्रमाणाला आहे. शंभर पानांची पंगत आणि वाढपी एकच, तर वाढप्याचा जीव जातो. वाढपी पन्नास आणि पान एकच, तर कुणीच दमत नाही. झिजणारा धातू हा वाढपी आणि जिथे ऑक्सिजन इलेक्ट्रॉन घेतो तो पृष्ठभाग ही पंगत.

ब्रिटिश नौदलाने हा धडा फार आधी घेतला. लाकूड पोखरणाऱ्या सागरी किड्यांपासून बचाव म्हणून १७६१ मध्ये ‘एचएमएस अलार्म’ या युद्धनौकेच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकले आणि तिला वेस्ट इंडिजकडे धाडले. १७६३ मध्ये तपासणी झाली तेव्हा तांबे शाबूत होते, पण लोखंडी खिळे खाऊन गेले होते. तांब्याची पंगत अफाट आणि खिळा इवलासा. काही खिळे मात्र बरे राहिले होते. पत्रे ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आले होते, त्याचे तुकडे त्या खिळ्यांच्या डोक्याखाली राहून गेले होते! लोखंड तांब्याला थेट टेकू देऊ नये, असा निष्कर्ष तपासनिसांनी काढला. व्होल्टाचा घट १८०० चा. म्हणजे विजेचा कोणताही सिद्धान्त हाताशी नसताना, निव्वळ डोळसपणे पाहून काढलेला हा निष्कर्ष आहे, आणि त्यासाठी त्या निनावी माणसांचे कौतुक करावे तेवढे थोडे.

या गोष्टीवरून धातू वेगळे ठेवा, एवढाच बोध घेतला जातो. सेव्हनच्या सांगाड्यावर पावडर कोटिंग असते, पत्रा पोलादाला टेकतच नाही, मग काळजी कशाची, हा आक्षेप त्यातूनच येतो. पण ड्रिलने पाडलेले भोक कोटिंग कापूनच जाते. कडेचे पोलाद उघडे पडते आणि रिव्हेट स्वतःच पत्रा व नळी यांना धातूने जोडतो. मध्ये कितीही चांगली पट्टी घाला, रिव्हेट ती ओलांडतो. उरते ती फक्त पाण्याची बाजू. न्यूयॉर्कचा १८८६ चा स्वातंत्र्यदेवीचा पुतळा याचा मोठा पुरावा आहे. तांब्याची कातडी आणि आतल्या लोखंडी पट्ट्या यांच्यामध्ये शेलॅकमध्ये भिजवलेले अ‍ॅस्बेस्टॉस घातले होते. काळाच्या ओघात ते जीर्ण होऊन ओल धरू लागले. गंजून फुगलेल्या लोखंडाने पट्ट्या धरून ठेवणाऱ्या तांब्याच्या खोबणींचे रिव्हेट उपसून काढले. १९८६ मध्ये पुरी झालेल्या दुरुस्तीत पट्ट्या स्टेनलेस स्टीलच्या केल्या आणि मध्ये टेफ्लॉन घातले, जे पाणी पीत नाही. रिव्हेटखाली कापडी पट्टी किंवा फेल्टची चकती घालणाऱ्यांनी हे जरूर पाहावे.

आता स्टेनलेसचा मुद्दा. स्टेनलेसचा रिव्हेट छोटा, अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा मोठा, म्हणजे पंगत लहान आणि वाढपी भरपूर, मग भीती कसली? पत्रा समुद्रात बुडालेला असता तर हा युक्तिवाद बराचसा टिकला असता. गाडीवर पाण्याचा थर पातळ असतो, त्याचा विद्युतरोध जास्त, त्यामुळे सगळा प्रवाह रिव्हेटच्या अगदी लगतच्या अ‍ॅल्युमिनियमवर एकवटतो. रंगाचे फोड नेमके तिथेच का येतात, ते यावरून कळते. मग अ‍ॅल्युमिनियमचेच रिव्हेट? पत्र्याशी त्यांचे जमते, पण त्यांची ताकद कमी आणि पोलादी नळीतून जाताना छोटा वाढपी तेच होतात. शिवाय साध्या पॉप रिव्हेटच्या पोकळीत बहुधा पोलादाची तुटकी काडी अडकून राहते. अ‍ॅल्युमिनियम झिजते म्हणून फक्त त्यालाच रंग द्यावा, हेही सहज सुचते आणि ते घातक आहे. रंगाला टाचणीएवढे छिद्र पडले की उघड्या पोलादाची सगळी पंगत त्या एका ठिपक्यावर तुटून पडते. झाकायचे आधी पोलाद, मग दोन्ही.

म्हणून जुना रिव्हेट काढताना मधली काडी आधी ठोकून आत ढकलावी, नंतर डोके ड्रिलने उडवावे, म्हणजे भोक वाकडेतिकडे मोठे होत नाही. पोलादाचा कीस पत्र्यावरून आणि नळीतून झाडून पुसून काढावा. भोकाची उघडी कड एपॉक्सी किंवा जस्तयुक्त प्रायमरने झाकून वाळू द्यावी. जस्ताला झिजू देऊन दुसरा धातू वाचवायचा, ही कल्पना हम्फ्री डेव्ही यांची. १८२४ मध्ये त्यांनी जहाजाच्या तांब्याला जस्त आणि लोखंडाचे तुकडे जोडून त्याची झीज थांबवली. पण तांबे विरघळेना म्हणून शेवाळ आणि शिंपले चिकटू लागले आणि नौदलाने ते तुकडे काढून टाकले. हा प्रयोग फसला असे सर्रास सांगतात, तो डेव्हींवर अन्याय आहे. आजच्या पोलादी जहाजांच्या तळाला बसवलेले जस्ताचे ठोकळे त्यांच्याच विचारावर चालतात. प्रायमर वाळला की विमानबांधणीतल्यासारखा रिव्हेट ‘ओला’ बसवावा : भोकात आणि डोक्याखाली सीलंट लावून, ते ओले असतानाच रिव्हेट ओढायचा आणि कडेने बाहेर आलेले पुसायचे. बेरियम क्रोमेटची पिवळी पेस्ट या कामात जुनी आणि गुणाची, पण क्रोमेट विषारी आहे. तिच्यासाठी हातमोजे हवेतच, आणि क्रोमेटविरहित पर्याय मिळत असेल तर तोच घ्यावा. बंद टोकाचे रिव्हेट मिळाले तर उत्तम. नाहीतर प्रत्येक रिव्हेटच्या मधल्या पोकळीतही सीलंटचा थेंब सोडावा, कारण तिथून झिरपलेले पाणी नळीच्या आत उतरते आणि नळी आतून गंजू लागली तर बाहेरून वर्षानुवर्षे पत्ता लागत नाही.