तारामतीचा पगार

दादासाहेब फाळके आपणां नाशिककरांना ठाऊक आहेत. अण्णा साळुंके हे नाव मात्र क्वचितच कानी येते. भारतीय कथाचित्रपटाची पहिली नायिका म्हणजे हा पुरुष, आणि तो कामगार होता.

‘राजा हरिश्चंद्र’साठी फाळक्यांना तारामती मिळेना. घरंदाज स्त्रिया राहोतच, नाचगाणे करणाऱ्या बायकाही कॅमेऱ्यापुढे येईनात. अखेर मुंबईत ग्रँट रोडवरील एका उपाहारगृहात कामाला असलेला हा सडपातळ तरुण त्यांनी हेरला. पगार १० रुपये होता. फाळक्यांनी १५ देऊ केले. पाच रुपयांच्या वाढीवर तारामती लाभली! ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशनमध्ये ती लोकांनी पाहिली.

त्याच वर्षी फाळके आपला कारखाना घेऊन नाशकास आले. १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये साळुंक्यांनी राम आणि सीता दोन्ही भूमिका केल्या. तो मूकपट, शब्दांचा आधार नाही. चालणे, बसणे, मान वळविणे एवढ्यातूनच दोन माणसे वेगळी दाखवावयाची. हे कसब कोणत्या शाळेत शिकवीत होते?

त्या चित्रपटाच्या मिळकतीची नाणी मद्रासेत बैलगाडीतून न्यावी लागली, असे सांगतात. ती फाळक्यांच्या प्रतिभेने मिळविली, हे खरेच. पण प्रतिभेलाही राबणारे हात लागतात. पाटीवर मालकाचे नाव असते, कामगाराचे हजेरीपटावरच राहते.

पांडवलेण्यांच्या पायथ्याशी फाळक्यांचे स्मारक आहे. तेथे मुलांना न्याल, तेव्हा त्यांना साळुंक्यांचेही नाव सांगा.