ट्रॅक्टरच्या छपरींतील वायरिंग : स्वतः करावें कीं करवून घ्यावें ?

ट्रॅक्टर, फवारणीचा पंप, कडबा कापण्याचें यंत्र इत्यादि ठेवण्यासाठीं घराशेजारीं पत्र्याची छपरी बांधण्याचा प्रघात आतां पुष्कळ शेतकऱ्यांत पडला आहे. छपरी उभी राहिली म्हणजे तेथें दिवा हवा, यंत्रासाठीं बटण हवें, हें ओघानेंच येतें. अशा वेळीं "चार तारा तर ओढावयाच्या, त्यास मिस्त्री कशाला?" असा विचार मनांत येतो. जो शेतकरी नांगराचा फाळ स्वतः बसवितो व पंपाची दुरुस्ती स्वतः करतो, त्यास असें वाटावें यांत नवल नाहीं. तथापि निश्चय करण्यापूर्वीं तीन गोष्टींचा विचार अवश्य करावा.

पहिली गोष्ट कायद्याची. केंद्रीय विद्युत् प्राधिकरणाच्या २०२३ च्या सुरक्षा-विनियमांप्रमाणें दिवा, पंखा, फ्यूज किंवा बटण बिघडल्यास तशाच प्रकारचें दुसरें बसविण्यास हरकत नाहीं. परंतु नवें वायरिंग घालणें, अगर जुन्यांत भर घालणें, हें काम सरकारी परवाना असलेल्या ठेकेदाराकडूनच झालें पाहिजे. तसेंच शेतीपंपासाठीं मंजूर झालेल्या जोडावरून वेल्डिंगसारख्या दुसऱ्या कामास वीज घेणें, हा २००३ च्या विद्युत् अधिनियमाच्या कलम १२६ प्रमाणें अनधिकृत वापर ठरतो.

दुसरी गोष्ट तारेच्या जाडीची. एक अश्वशक्ति म्हणजे ७४६ वॅट. दोन अश्वशक्तीच्या मोटरीस २३० व्होल्टांवर साध्या भागाकारानें साडेसहा अँपिअर पुरावे असें दिसतें. परंतु मोटरींतील घट जमेस धरतां चालतांना दहाच्या आसपास अँपिअर लागतात, व सुरू होतांना क्षणभर त्याच्या कित्येक पट. दिव्यांसाठीं घातलेल्या बारीक तारेवर असा भार वारंवार पडला म्हणजे ती तापते व तिचें वेष्टन ठिसूळ होतें. फ्यूज असतो तो तारेच्या रक्षणासाठीं. तो वारंवार जातो म्हणून त्यांत जाड तार घालणें म्हणजे कुंपण मोडून पिकाची राखण करण्यासारखें आहे. छपरींत कडबा अगर डिझेल असेल, तर परिणाम काय होईल हें सांगावयास नको.

तिसरी व सर्वांत महत्त्वाची गोष्ट जिवाची. फ्यूज माणसास वाचवितो, ही समजूत चुकीची आहे. सोळा अँपिअरचा फ्यूज सोळाहून कमी प्रवाहानें वितळत नाहीं. माणसाच्या शरीरांतून तीन-शतांश अँपिअरहून अधिक प्रवाह कांहीं काळ वाहिला तरी प्राणावर बेतूं शकतें. उंदरानें कुरतडलेली तार पत्र्यास टेकली व अर्थिंग नीट नसलें, तर सबंध छपरी निमूटपणें जिवंत होते, आणि पावसाळ्यांत ओल्या पायांनीं प्रथम हात लावणारा बहुधा आपला गडी किंवा मुलगा असतो. म्हणून चांगलें अर्थिंग व ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, हीं दोन्ही हवींतच. न्यूट्रलची तार अर्थिंग म्हणून वापरणें कटाक्षानें टाळावें. ती कोठें तुटली तर यंत्राच्या अंगावरच वीज येते.

मग शेतकऱ्यानें कांहींच करूं नये काय ? तसें नाहीं. दिवे व बटणें कोठें हवींत याचा नकाशा काढणें, कोणतीं यंत्रें एकाच वेळीं चालतील याची यादी देणें, चर खणणें, कडबा व डिझेल बटणांपासून दूर ठेवणें, हीं कामें त्याचींच आहेत, व त्यांत मजुरीहि वांचते. जोडणी मात्र परवानाधारकाकडून करवून घ्यावी, अर्थिंगची व वेष्टनाची तपासणी आपल्यासमोर करावयास लावावी व तिचा लेखी दाखला मागून घ्यावा. पुढें आरसीसीबीची चांचणीची कळ दरमहा दाबून पाहावी. ती दाबतांच वीज गेली नाहीं, तर तें उपकरण त्वरित बदलवून घ्यावें.

मिस्त्रीची मजुरी एका हंगामांत भरून निघते. गेलेला माणूस परत येत नाहीं, हें ध्यानांत ठेवून ज्यानें त्यानें निर्णय करावा.