प्रोजेस्टोजेन: चिठ्ठीवरचं ‘दुसरं औषध’

पाळी जाण्याच्या वयात अंगातून गरम वाफा निघतात, रात्री घामाने गाऊन भिजतो, झोप उडते. डॉक्टर हार्मोनचे उपचार लिहून देतात. चिठ्ठीवर दोन औषधं असतात: इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टोजेन. पहिल्याचा गुण काही आठवड्यांत दिसतो. दुसऱ्याने मात्र सुस्ती येते, म्हणून अनेकजणी तेच परस्पर सोडून देतात. ते का सोडू नये, हे नीट समजून घेऊ या.

गैरसमज: त्रास इस्ट्रोजेनने थांबला, मग दुसरं औषध कशाला?
वस्तुस्थिती: ते गर्भाशयासाठी असतं. नुसत्या इस्ट्रोजेनने गर्भाशयाचं अस्तर वाढत राहतं आणि पुढे कर्करोगाचा धोका निर्माण होतो. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या ‘पेपी’ अभ्यासात ३ वर्षं फक्त इस्ट्रोजेन घेतलेल्या सुमारे ६२ टक्के स्त्रियांचं अस्तर वाजवीपेक्षा जास्त वाढलं होतं. प्रोजेस्टोजेन ही वाढ रोखतं.

गैरसमज: गर्भपिशवी काढलेल्या बाईनेही दोन्ही घ्यावीत.
वस्तुस्थिती: साधारणपणे तिला इस्ट्रोजेन पुरतं. एंडोमेट्रिओसिस (अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार) असेल किंवा शस्त्रक्रियेत गर्भाशयाचा काही भाग राहिला असेल, तर डॉक्टर वेगळा विचार करतात. म्हणून शस्त्रक्रियेचे जुने कागद सोबत न्या.

गैरसमज: या औषधाने स्तनाचा कर्करोग होतोच.
वस्तुस्थिती: ही भीती २००२ च्या अमेरिकी ‘डब्ल्यूएचआय’ अभ्यासानंतर पसरली. त्यात इस्ट्रोजेनसोबत मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन या प्रकारचं प्रोजेस्टोजेन दिलं होतं. दर १०,००० स्त्रियांमागे वर्षाला कर्करोगाच्या ८ जास्त केसेस आढळल्या. धोका खरा आहे, पण तो सरसकट नाही. फ्रान्समध्ये सुमारे ८०,००० स्त्रियांची वर्षानुवर्षं नोंद ठेवली गेली, तेव्हा मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉन आणि डायड्रोजेस्टेरॉन या प्रकारांसोबत हा धोका इतर प्रकारांपेक्षा कमी दिसला. मात्र ज्यांना स्तनाचा कर्करोग होऊन गेला आहे, त्यांना हार्मोनचे हे उपचार सहसा देत नाहीत.

गैरसमज: सुस्ती येते, म्हणजे हे औषध मानवत नाही.
वस्तुस्थिती: मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉनच्या मऊ कॅप्सूलने पेंग येते, म्हणून ती झोपतानाच घ्यायची असते. ज्यांची झोप उडाली आहे, त्यांना याचा फायदाही होऊ शकतो. तरीही त्रास झाला, तर प्रकार बदलता येतो. कॉपर-टीसारखं गर्भाशयात बसवायचं, लेव्होनॉर्जेस्ट्रेल हे प्रोजेस्टोजेन सोडणारं साधनही अस्तराचं रक्षण करतं.

गैरसमज: पूजेसाठी पाळी पुढे ढकलायची गोळी घरात आहे, तीच चालेल.
वस्तुस्थिती: त्या गोळीतलं नॉरएथिस्टेरॉन हे प्रोजेस्टोजेन सहसा ५ मिलिग्रॅमचं असतं. रजोनिवृत्तीच्या संयुक्त गोळ्यांमध्ये ते १ मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी असतं. मात्रा वेगळी, हेतूही वेगळा.

गैरसमज: हार्मोन चालू आहेत, तर अंगावरून जाणारच.
वस्तुस्थिती: महिन्यातले १२ ते १४ दिवस प्रोजेस्टोजेन घेणाऱ्यांना दर महिन्याला पाळीसारखा स्राव होऊ शकतो. ते रोज घेणाऱ्यांना सुरुवातीचे काही महिने थोडा डाग लागू शकतो. पण सहा महिन्यांनंतरही स्राव चालू राहिला किंवा थांबलेला पुन्हा सुरू झाला, तर सोनोग्राफी आणि गरज पडल्यास अस्तराची तपासणी करून घ्या.

मैत्रिणींनो, हे औषध नको वाटलं तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा, प्रकार किंवा मात्रा बदलून मागा. पण गर्भाशय शाबूत असताना इस्ट्रोजेन चालू ठेवून प्रोजेस्टोजेन मनानेच बंद करू नका.