रुळांची भरपाई झाली, माणसांची?

आजचा भाग तंजावरहून. प्रश्न असा : शत्रूच्या फौजेने मुलूख ताब्यात घेतला की तिथल्या रेल्वेचं काय होतं?

आम्हाला फौजेत युद्धाचे कायदे शिकवतात. १९०७च्या हेग नियमांचं ५३वं कलम सांगतं, की कब्जा करणारं सैन्य वाहतुकीची साधनं, अगदी खासगी मालकीची असली तरी, ताब्यात घेऊ शकतं. मात्र शांतता झाल्यावर ती परत करायची आणि भरपाई ठरवायची.

आता तंजावरचा संबंध बघा. या जिल्ह्यातले हजारो गरीब मजूर नागपट्टिणमच्या बंदरातून बोटीने मलायात गेले, रबराच्या मळ्यांवर कामाला. फेब्रुवारी १९४२मध्ये सिंगापूर पडलं आणि मलायाची रेल्वे जपानी लष्कराच्या हाती गेली.

ब्रह्मदेशातल्या जपानी फौजेला रसद समुद्रमार्गे पोचवणं धोक्याचं होतं. म्हणून सयाम ते ब्रह्मदेश असा ४१५ किलोमीटरचा लोहमार्ग जंगलातून काढायचं ठरलं. मलाया, सयाम, ब्रह्मदेश, तिन्हीकडे मीटर गेज. त्यामुळे मलायाच्या पूर्व किनाऱ्याच्या मार्गाचे आणि मलाक्का फाट्याचे रूळ उखडून तिकडे नेता आले.

रुळांपाठोपाठ माणसंही नेली. मळ्यांवरच्या तमिळ मजुरांना आधी चांगल्या पगाराचं आमिष, मग सरळ जबरदस्ती. कॉलरा, उपासमार, मारहाण. ऑक्टोबर १९४३मध्ये मार्ग पुरा झाला. सुमारे १२ हजार युद्धकैदी मेले. त्यांच्यातल्या हजारोंची नावं कांचनाबुरीच्या दफनभूमीत कोरलेली आहेत. आशियाई मजूर किती मेले याचे फक्त अंदाज आहेत, आणि ते ९० हजारांच्या घरात जातात.

युद्धानंतर ब्रिटिशांनी या मार्गाचा सयाममधला भाग तिथल्या सरकारला साडेबारा लाख पौंडांना विकला. ते पैसे कशासाठी? शेजारच्या मुलखांतून लुटून आणलेल्या सामानाची भरपाई म्हणून. माणसांसाठी नव्हेत.

रूळ कुणाचे, किती, याची नोंद रेल्वेच्या दप्तरात होती. मजुरांची नीट यादीच कुणी ठेवली नाही. ज्याची नोंद नाही, त्याचा दावा कोण मांडणार?

तुमच्या ओळखीत तंजावर-नागपट्टिणमकडचं कुटुंब असेल, तर मलायात गेलेल्या माणसांबद्दल घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा आणि नावं लिहून ठेवा. जय हिंद.